दोन महिन्यांचा चेंडू: एनबीएने चामडं सोडलं आणि परत धरलं

३१ ऑक्टोबर २००६ रोजी एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा पंचांनी मधल्या वर्तुळात वर उडवलेला चेंडू चामड्याचा नव्हता. तो मायक्रोफायबरचा होता, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या आवरणाचा. लीगने जून महिन्यातच त्याची घोषणा केली होती, चेंडू बनवला होता स्पाल्डिंग या कंपनीने, आणि तो वर्षानुवर्षं टिकेल असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात तो वर्षअखेरीपर्यंतच टिकला. १ जानेवारी २००७ पासून चामड्याचा जुना चेंडू परत मैदानात आला.

चामडं चांगलं की सिंथेटिक, हा वाद कोणत्याही कोर्टाच्या कडेला तासन् तास चालू शकतो. पण जगातल्या सर्वांत मोठ्या लीगने भर हंगामात दोन्ही चेंडू वापरले, प्रयोगशाळेत तपासले, आकडे मोजले आणि शेवटी माघार घेतली, असं प्रकरण एकच आहे. ते नीट उलगडलं की या वादातला बराच धुरळा खाली बसतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. लीगचा चेंडू वाईट होता म्हणून हा निर्णय फसला, असं मला वाटत नाही. लीगने जे मोजलं आणि खेळाडूच्या हाताला जे कळत होतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिथे सगळं अडलं.

आधी काय होतं

एनबीएचा चेंडू म्हणजे आठ पाकळ्यांचा, म्हणजे आवरणाचे आठ तुकडे जोडलेला, पूर्ण चामड्याचा चेंडू. त्याआधी चार पाकळ्यांचा होता; आठ पाकळ्या आल्या १९७० मध्ये. स्पाल्डिंगकडे लीगचं काम आलं १९८३ साली, त्याआधी ते विल्सनकडे होतं. चेंडू कोणीही बनवो, चामडं मात्र शिकागोच्या हॉरवीन या कारखान्यातून येत असे. १९०५ पासून एकाच घराण्याकडे असलेला हा चामडं कमावण्याचा कारखाना अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूलाही चामडं पुरवतो. गुरांचं कातडं कमावायचं, रंगवायचं आणि प्रचंड दाबाच्या यंत्राखाली घालून त्यावर ते ओळखीचे बारीक दाणे उठवायचे. त्या दाण्यांवरच बोटांची पकड बसते.

आतली रचना दोन्ही प्रकारांत साधारण सारखीच असते. हवा धरणारी रबरी पिशवी, तिच्यावर हजारो फेरे गुंडाळलेला नायलॉनचा धागा, त्यावर रबराचा थर, आणि सगळ्यात वर चिकटवलेलं आवरण. म्हणजे ‘चामड्याचा चेंडू’ म्हणताना आपण फक्त वरच्या काही मिलिमीटरबद्दल बोलत असतो. पण खेळाडूचा संबंध तेवढ्याच भागाशी येतो.

चामड्याच्या चेंडूची एक खोड अशी की डब्यातून काढल्याबरोबर तो खेळण्याजोगा नसतो. नवा चेंडू गुळगुळीत आणि कडक लागतो. संघ तो सरावात कित्येक दिवस वापरतात, हाताचा घाम आणि तेल त्यात मुरतं, रंग गडद होतो, आवरण मऊ पडतं आणि मग तो सामन्याला येतो. याचा दुसरा अर्थ असा की दोन शहरांतले दोन चेंडू कधीच तंतोतंत सारखे नसतात. एकाचा चेंडू जास्त मुरलेला, दुसऱ्याचा थोडा कोरा. कातडंही शेवटी जनावराचं. प्रत्येक जनावराचं वेगळं.

लीगचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, डेव्हिड स्टर्न यांच्या कार्यालयाला हाच दोष वाटला. नवा चेंडू पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सारखाच वागेल, त्याला मुरवावं लागणार नाही, आणि घामाने ओला झाला तरी पकड टिकेल, असं सांगितलं गेलं. माझा एक तर्क यात जोडतो. डब्यातून काढून लगेच खेळता येणारा चेंडू चाहत्यांना विकायलाही सोपा. ‘एनबीएमध्ये वापरतात तोच’ असं सांगून चामड्याचा महागडा चेंडू विकायचा, आणि घेणाऱ्याने तो घराबाहेरच्या डांबरावर आपटून आठवड्याभरात खरवडून टाकायचा, यात धंद्याची गैरसोय होती. हे कारण लीगने पुढे केलं नाही. पण ते कोणाच्या डोक्यात आलंच नसेल, असं मानणं भाबडेपणाचं होईल.

एकाच वेळी दोन बदल

नव्या चेंडूत आवरणाबरोबर आणखीही एक गोष्ट बदलली होती, आणि चर्चेत तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. आठ पाकळ्यांची जुनी मांडणीही गेली. त्याऐवजी एकमेकांत अडकलेले क्रॉसच्या आकाराचे दोन मोठे तुकडे आले. या रचनेचं नावच ‘क्रॉस ट्रॅक्शन’ होतं.

जो कधी मनापासून शूट मारायला शिकला आहे त्याला याचं महत्त्व सांगायला नको. चेंडू हातात आला की बोटं डोळ्यांच्या आधी पाकळ्यांमधल्या खाचा शोधतात. बहुतेक शूटर खाचेवर आडवी बोटं टेकवतात, कारण शेवटच्या क्षणी तिथून चेंडूला उलटी फिरकी देता येते. पास झेलल्यापासून शूट सुटेपर्यंत अर्धा सेकंदही नसतो, आणि तेवढ्यात बोटांनी चेंडू फिरवून खाच पकडलेली असते. हे हजारो वेळा केल्यामुळे होतं, विचार करून नाही. आता खाचांचा नकाशाच बदलला, तर बोटं पूर्वीच्या जागी खाच शोधायला जातात आणि ती तिथे नसते.

प्रयोग करायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकवतात. लीगने आवरण आणि रचना दोन्ही एका दमात बदलली. त्यामुळे पुढे तक्रारी आल्या तेव्हा त्यातल्या किती मायक्रोफायबरच्या आणि किती खाचांच्या, हे वेगळं काढायला मार्गच उरला नाही.

बोटं काय म्हणाली

सराव शिबिरं सुरू होताच खेळाडू बोलू लागले. सगळ्यात मोठा आवाज दिग्गज खेळाडू शकील ओ’नीलचा. त्याने या चेंडूची तुलना खेळण्यांच्या दुकानातल्या स्वस्त चेंडूशी केली, ज्याने हा निर्णय घेतला त्याची पदवी काढून घ्यायला हवी असं सुनावलं, आणि भाकीतही केलं: शूटिंगची टक्केवारी कोसळेल, हातून चेंडू सुटण्याचे प्रकार वाढतील, कारण ओला झाला की हा चेंडू आवरत नाही. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शूटची, जन्मभराची टक्केवारी ५२.७ असलेल्या माणसाने शूटिंगबद्दल इशारा द्यावा, यावर हसणारे हसले. पण ओल्या चेंडूबद्दल तो जे म्हणाला, ते पुढे प्रयोगशाळेतही निघालं.

ओ’नीलपेक्षा मला स्टीव्ह नॅश आणि जेसन किड यांची तक्रार जास्त महत्त्वाची वाटते. हे दोघे पॉइंट गार्ड, म्हणजे संघात सर्वाधिक वेळ चेंडू ज्यांच्या हातात असतो ते. नॅश तर मागच्या सलग दोन हंगामांचा सर्वोत्तम खेळाडू. दोघांनी सांगितलं की बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडताहेत. सामन्यात आणि सरावात मिळून शेकडो वेळा तीच त्वचा त्याच आवरणावर घासली जाते. आवरण कोरडं असताना जरा जास्तच पकडत असेल, तर ते दर वेळी त्वचेचा किंचित अंश घेऊन जाणार. चामडं बोटाला थोडं सरकू देतं. हा चेंडू देत नव्हता.

इथे एक विसंगती दिसते आणि ती समजून घेतली तर सगळं प्रकरण कळतं. काही खेळाडू म्हणत होते चेंडू निसरडा आहे, काही म्हणत होते तो फार चिकटतो. ऐकणाऱ्याला वाटेल, यांचं काहीच धड नाही, नव्याला नावं ठेवायची एवढंच काम. पण दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. कोरडा असताना चिकट, ओला झाला की निसरडा. म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला एक चेंडू आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दुसरा.

चामड्याचं वागणं याच्या उलट. कातडं म्हणजे तंतूंचं जाळं. त्यात बारीक पोकळ्या असतात आणि त्या ओलावा आत ओढून घेतात. घाम पृष्ठभागावर थांबत नाही, थोडा आत जातो, आणि किंचित दमट चामडं हाताला उलट चांगलं धरतं. मायक्रोफायबरचे अतिसूक्ष्म धागे पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थात बुडवलेले असतात. घाम सहज आत शिरत नाही. तो वर पातळ थर धरून राहतो आणि बोट व चेंडू यांच्यामध्ये येतो. पावसाळ्यात फरशीवर पाय घसरतो, त्यातलंच हे. ओलावा हाताळण्याची क्षमता हाच ज्या चेंडूचा मोठा गुण म्हणून सांगितला होता, तो नेमका घामाच्या वेळी दगा देत होता.

टेक्सासची प्रयोगशाळा

डॅलस मॅव्हरिक्स या संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन यांना आकड्यांची आवड. त्यांनी टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन इथल्या भौतिकशास्त्र विभागाला दोन्ही चेंडू तपासायला सांगितलं. निष्कर्षांतल्या दोन गोष्टी सर्वत्र गाजल्या. चार फुटांवरून, म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटरवरून, सोडल्यावर नव्या चेंडूचा टप्पा चामड्याच्या चेंडूपेक्षा ५ ते ८ टक्के कमी उंच येत होता. आणि टप्पा पडल्यावर चेंडू कुठे जाईल यातला विस्कळीतपणा ३० टक्क्यांनी जास्त होता. घर्षणाच्या चाचण्यांमधून बोटांचीच कथा पुढे आली: कोरडा असताना नव्या चेंडूला घर्षण जास्त, ओला झाल्यावर चामड्याची सरशी.

५ ते ८ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण समजा, चामड्याचा चेंडू ९० सेंटिमीटर वर येतो. मग नवा चेंडू त्याच्या साडेचार ते सात सेंटिमीटर खाली थांबणार. ड्रिबल करताना, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाताना, गार्डची नजर चेंडूवर नसते, ती समोरच्या बचावावर असते. हात ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या क्षणी जाऊन थांबतो आणि चेंडू तिथे येईल असा भरवसा असतो. पाच सेंटिमीटरची चूक म्हणजे चेंडू तळहाताऐवजी बोटांच्या टोकांवर लागणं. नेहमी पाचच सेंटिमीटर कमी आला असता तर हात आठवड्याभरात शिकलाही असता. खरी अडचण दुसऱ्या आकड्यात आहे.

टप्पा कमी येणं हा सरासरीतला फरक आहे. टप्पा विस्कळीत येणं हा पसाऱ्यातला. सरासरी बदलली तर माणूस जुळवून घेतो. पसारा वाढला तर जुळवून घ्यायला काही ठरावीक उरतच नाही, कारण पुढचा टप्पा कुठे जाईल हे मागच्या टप्प्यावरून सांगता येत नाही. लीगचा मुख्य दावा होता ‘सारखेपणा’. तो दोन वेगवेगळ्या चेंडूंमधल्या सारखेपणाबद्दल होता, आणि त्या अर्थी तो खरा असूही शकेल. कारखान्यात बनलेलं कापड कातड्यापेक्षा एकसारखं असणारच. पण खेळाडूला हवा होता एकाच चेंडूच्या दोन टप्प्यांमधला सारखेपणा. शब्द एकच, मापं दोन.

विस्कळीतपणा कशामुळे, याबद्दल मला एक शक्यता पटते. जास्त पकड असलेला चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा त्याची फिरकी अधिक प्रमाणात बाजूच्या वेगात बदलते. हातातून निघताना फिरकीत जरासा फरक पडला तरी टप्प्यानंतर तो मोठा होऊन दिसतो. चामडं हा फरक थोडा गिळून टाकतं. बास्केटमागच्या काचेच्या बोर्डवर मारलेल्या शूटलाही तेच लागू. काचेला चेंडू किती ‘पकडतो’ यावर तो कोणत्या कोनात परततो हे ठरतं, आणि ज्यांनी ते कोन हाताच्या अंगवळणी पाडले आहेत त्यांचं गणित चुकतं.

मग आकडे का कोसळले नाहीत?

ओ’नीलचं भाकीत खरं ठरलं नाही, हेही सांगायला हवं. २००५-०६ च्या हंगामात प्रत्येक संघाची सरासरी सामन्याला ९७ गुणांची होती आणि शूटिंग ४५.४ टक्के. २००६-०७ मध्ये गुण ९८.७ आणि शूटिंग ४५.८ टक्के. यातले संघागणिक पहिले तीसेक सामने नव्या चेंडूने झाले, उरलेले चामड्याने. नव्या चेंडूच्या काळात शूटिंग, गुण आणि चेंडू हातून जाण्याचं प्रमाण या तिन्हींत सुधारणाच दिसते आहे, असं लीगने माघार घेतानासुद्धा आवर्जून नोंदवलं.

तक्रार करणाऱ्यांचंही वैयक्तिक नुकसान दिसत नाही. बोटांना चिरा पडलेल्या नॅशने त्या पूर्ण हंगामात मैदानी शूटिंग ५३ टक्क्यांवर, तीन गुणांचं ४५ टक्क्यांवर आणि फ्री थ्रो जवळपास ९० टक्क्यांवर ठेवली. क्युबन यांच्या संघातला डर्क नोवित्स्की त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही ५०, ४० आणि ९० टक्क्यांच्या तिन्ही रेषा ओलांडून. मॅव्हरिक्सने पहिले चारही सामने हरून नंतर एकूण ६७ जिंकले.

मग खेळाडू उगाच ओरडत होते का? मला तसं वाटत नाही. एनबीएचे खेळाडू म्हणजे जुळवून घेण्यात जगात वरचढ असलेली माणसं. चेंडू ५ टक्के खाली आला तर ते हात ५ टक्के खाली नेतात. निसरडा झाला तर एका हाताचा पास सोडून दोन हातांनी देतात. चेंडू टॉवेलने पुसून घेतात. गुणफलकावर यातलं काही दिसत नाही. दिसतो तो फक्त शेवटचा आकडा. त्या आकड्यासाठी मेहनत किती वाढली, बोटांना पट्ट्या किती लागल्या, कोणता धाडसी पास दिलाच गेला नाही, हे बेरजेत येत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथे जळत होती ती बोटं.

शिवाय लीगचे गुण त्या काळात नियमांमुळे आणि वेगवान खेळामुळे वाढतच होते. २००७-०८ मध्ये, पूर्ण हंगाम चामड्याने खेळून, सरासरी ९९.९ वर गेली. म्हणजे २००६ ची वाढ चेंडूच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि ती झाली नसती तर तोटाही त्याच्या खात्यावर टाकता आला नसता. या प्रश्नासाठी ते माप फार ढोबळ होतं. हंगामाच्या सरासरीवरून चेंडू तपासणं म्हणजे चुकीच्या जागी भिंग लावणं.

कामगार मंडळापर्यंत

१ डिसेंबर २००६ रोजी खेळाडूंच्या संघटनेने अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे दोन तक्रारी दाखल केल्या. एक पंचांशी हुज्जत घालण्यावर लीगने आणलेल्या कडक शिस्तीबद्दल, दुसरी चेंडूबद्दल. मुद्दा भौतिकशास्त्राचा नव्हता. चेंडू हे आमचं कामाचं हत्यार आहे, ते बदलताना तुम्ही आम्हाला विचारलं नाही, हा मुद्दा होता. बिली हंटर यांच्या नेतृत्वाखालील संघटनेची ही चाल मला हुशारीची वाटते. चेंडू चांगला की वाईट यावर वर्षभर वाद घालता आला असता; विचारलं की नाही विचारलं, यावर वाद फारसा नव्हता.

स्टर्न हट्टी म्हणून प्रसिद्ध होते. पण त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर कबूल केलं की ही गोष्ट आणखी चांगल्या रीतीने हाताळता आली असती आणि जबाबदारी आपली आहे. ११ डिसेंबरला निर्णय आला: १ जानेवारीपासून चामडं. लीगच्या निवेदनाचा सूर असा होता की आमच्या चाचण्या नव्या चेंडूच्या बाजूने आहेत, आकडेही आहेत, तरी खेळाडूंचं मत हा सर्वांत मोठा आकडा. प्राणी हक्कांसाठी काम करणारी पेटा ही संघटना या माघारीवर नाराज झाली. कातड्याला पर्याय म्हणून तिला नवा चेंडू हवा होता. तिचा आक्षेप वेगळ्या पातळीवरचा होता आणि त्याला उत्तर कोणी दिलं नाही.

म्हणजे सिंथेटिक वाईट?

असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी अमेरिकेतल्याच शाळा-कॉलेजांकडे पाहावं. तिथल्या शालेय बास्केटबॉलमध्ये आणि कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विल्सनचे कॉम्पोझिट, म्हणजे कृत्रिम, आवरणाचे चेंडू चालतात आणि लोकांना ते आवडतात. एनबीएत येणारी बरीच मुलं कृत्रिम चेंडूवरच मोठी झालेली असतात. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियमही चामडं आणि कृत्रिम चामडं दोन्हींना मान्यता देतात. त्यांचा आग्रह मापांवर. घेर, वजन, आणि जमिनीवर टाकल्यावर टप्पा किती वर यावा, याच्या मर्यादा ठरलेल्या. बरीच वर्षं नियम असा होता की साधारण १.८ मीटरवरून सोडलेला चेंडू १.२ ते १.४ मीटरपर्यंत वर यावा. म्हणजे १२० सेंटिमीटर वर येणाराही कायदेशीर आणि १४० वर येणाराही. टेक्सासच्या प्रयोगशाळेत सापडलेला सगळा फरक या दोन रेषांच्या आत बसू शकतो. नियमाला जो फरक दिसत नाही, तो हाताला दिसतो.

याचा पुरावा पंधरा वर्षांनी पुन्हा मिळाला, आणि या वेळी दोन्ही बाजूंना चामडंच होतं. २०२१-२२ पासून एनबीएचा चेंडू स्पाल्डिंगकडून विल्सनकडे गेला. चामडं तेच, हॉरवीनचं. पाकळ्या आठच. मापं तीच. २००६ चा धडा घेऊन खेळाडूंना आधीपासून सहभागी करून घेतलेलं. तरी हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत तीन गुणांच्या शूटिंगची टक्केवारी घसरलेली दिसली आणि पॉल जॉर्ज या खेळाडूने बोट ठेवलं चेंडूवर: जुन्या चेंडूचा तो मऊ स्पर्श यात नाही. बरेच दिवस चर्चा चालली. मग चेंडू मुरले, हात सरावले, टक्केवारी सावरली, विषय मागे पडला. या वेळी माघारीची वेळ आली नाही. एक तर बदल खरोखर लहान होता. दुसरं, आपल्याला विचारलं गेलं नाही असं कोणाला म्हणता येत नव्हतं.

सिमेंटच्या कोर्टावर

आपल्याकडे हा वाद थोड्या वेगळ्या ठिकाणी उभा राहतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. भारतातले ते पहिले एनबीए सामने, आणि किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईकर. तिथे वातानुकूलित सभागृह होतं, लाकडी फरशी होती, म्हणून चामडं शोभलं. तिथून काही किलोमीटरवर नागपाड्यात पिढ्यान् पिढ्या मुलं उघड्या कोर्टावर खेळत आली आहेत. तिथे चामड्याचा चेंडू न्यायचा म्हणजे पैशांची राख. सिमेंट त्याचे दाणे काही आठवड्यांत घासून टाकतं, आणि जूनमध्ये एकदा भिजला की तो जड होतो, फुगतो, गोलपणा सोडतो. पाणी पिण्याची जी सवय घामाच्या वेळी गुण ठरते, तीच पावसात मुळावर येते.

म्हणून शाळा आणि क्लबांमध्ये साच्यातून काढलेला रबरी चेंडू चालतो, आणि ते योग्यच आहे. तो टणक असतो, टप्पा उंच देतो, लांबच्या शूटला रिमवरून, म्हणजे बास्केटच्या कड्यावरून, जोरात उडतो. खरी अडचण येते ती इनडोअर स्पर्धेला गेल्यावर. वर्षभर रबरी चेंडू हाताळलेली मुलगी आंतरशालेय सामन्यात कॉम्पोझिट चेंडू हातात घेते. पहिल्या क्वार्टरमध्ये तिचे शूट रिमच्या पुढच्या कडेला लागतात, ड्रिबल गुडघ्यापाशी सुटतो. प्रशिक्षक म्हणतात, ‘घाबरली.’ ती घाबरलेली नसते, तिचा हात वेगळ्या टप्प्याची वाट पाहत असतो.

संघाकडे स्पर्धेत येणाऱ्या प्रकारचा एक तरी चेंडू असावा, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे फक्त तोच वापरावा. आणलेल्या चेंडूची हवा आधी तपासावी. एनबीए ७.५ ते ८.५ पौंड प्रति चौरस इंच ठेवते. आपल्याकडे पंपाला मीटर नसतो आणि अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणायची पद्धत असते, त्यामुळे कितीदा तरी दोष हवेचा असतो आणि बोल चामड्याला किंवा रबराला बसतात. मीटर नसेल तर खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडून तो कमरेच्या थोडा वर येतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. आणि सरावाच्या शेवटच्या वीस मिनिटांत, हात घामेजलेले असताना, फ्री थ्रो आणि वेगातले पास मुद्दाम घ्यावेत. चेंडू तेव्हा कसा वागतो हे सुरुवातीच्या वॉर्मअपमध्ये कळत नाही. कळत असतं, तर एनबीएलाही ते जूनमध्येच कळलं असतं.